न लागलेला लाल दिवा

"अगं ताई, पळ ना! खिडकीची जागा गेली तर तुझ्यामुळे!" भोंगा ओरडला. समोरच्या इमारतीतल्या दोन खिडक्या उघडल्या. उगाच नव्हतं त्याचं नाव भोंगा!

सुट्टी लागल्यापासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. पोहण्याच्या वर्गाची सहल आज चार वाजता डोंगर उतरून पलीकडच्या तलावावर जाणार होती. साडेतीनलाच भोंगा, त्याची बहीण ताई आणि त्यांचा मामेभाऊ चष्म्या बसमध्ये पुढच्या बाकावर हजर! चष्म्याचे वडील, म्हणजे या दोघांचा मामा, गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा. दुकान कोपऱ्यावरच होतं.

ड्रायव्हरकाकांनी चावी फिरवली. समोरच्या पट्टीत तीन दिवे लागले. ताई एकदम पुढे झुकली.

"काका, ब्रेकचा लाल दिवा लागलाच नाही!"

"नाही लागला ना? मग ब्रेक झकास आहेत, पोरी!"

"पण मामा म्हणतो, चावी फिरवली की सगळे दिवे एकदा लागलेच पाहिजेत. मुका दिवा असला तर बिघाड झाल्यावर सांगणार कोण?"

"तुझ्या मामाला म्हणावं, बस मी चालवतो!" काकांनी चावी खिशात टाकली आणि चहा प्यायला गेले.

ताई पोहण्याच्या सरांकडे धावली. सर यादीत डोकं घालून बसले होते. "जागेवर बसा बघू! निघायच्या वेळी नसती कटकट नको!"

ताई परत पुढच्या बाकाशी आली. चाळीस मुलं, पुढे एवढा उतार, आणि ऐकायला कुणी तयार नाही!

"मी बघतो," म्हणत चष्म्या स्टिअरिंगखाली शिरला. "ताई! इथे दिव्याच्या वायरची जोड सोडवून ठेवलीय! दोन्ही टोकांना काळी टेप! ही आपोआप निघालेली नाही!"

"लाव परत! लवकर!"

"हाताला घाम आलाय गं!"

"काका उठले!" दारातून भोंगा कुजबुजला. त्याचं कुजबुजणंही अर्ध्या बसला ऐकू गेलं. टेप निघाली, टक्क आवाज झाला आणि चष्म्या उडी मारून बाकावर बसला. चष्मा नाकावर वाकडा!

काकांनी चावी फिरवली. लाल दिवा भक्कन लागला आणि बझर कर्कश किंचाळू लागला.

"अरे, हा परत कसा बोंबलायला लागला?"

"परत?" ताई ताडकन उठली. "म्हणजे आधीही बोंबलत होता?"

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. सर यादी टाकून धावत आले. "मामाऽऽऽ!" भोंग्याने अशी हाक मारली की मामा हातातली पक्कड घेऊनच पळत आला.

त्याने ब्रेक ऑइलची बाटली पाहिली. तळाशी जेमतेम दोन बोटं ऑइल! मागच्या चाकाशी ओला डाग होता. "पाइप गळतोय," मामा म्हणाला. "उतारावर पाय दाबला असता आणि बस थांबली नसती."

सरांनी आधी सगळ्या मुलांना खाली उतरवलं.

"चार दिवस नुसतं ट्यां ट्यां चाललं होतं," काका खाली मान घालून पुटपुटले. "वाटलं, दिवाच बिघडलाय, म्हणून वायरच काढून ठेवली. चुकलंच माझं."

सहल दुसऱ्या दिवसावर गेली. भोंगा चक्क रडला! ताईने त्याला जवळ घेतलं.

"मी तुला गप्प बसवलं," सर तिला म्हणाले. "तू बसली नाहीस, म्हणून ही चाळीस पोरं धडधाकट आहेत. शाबास गं! तिघांनाही शाबास!" मामाने मात्र चष्म्याचा कान धरला. "पुढच्या वेळी आधी मला हाक मारायची!" म्हणाला, आणि तोच कान सोडून त्याची पाठ थोपटली.

सकाळी नवा पाइप बसवलेली बस दारात उभी राहिली. काका जागेवर बसले. "गप्प रे सगळे! मोजा!" त्यांनी चावी फिरवली.

"एक! दोन! तीन! चाऽऽर!" चौथा आकडा भोंग्याचा होता.

इंजिन सुरू झालं. चारही दिवे विझले. काकांनी मागे वळून पाहिलं.

"निघू का, ताई?"

"निघा, काका!"

मगच बस हलली.