बाईंचा रियाज

पंखा जरा कमी करा आणि पुढे सरका. घसा बसलाय माझा, मोठ्यानं बोलवत नाही.

हे माझ्या मेव्हण्याच्या बाबतीत घडलं. अँप्लिफायर, स्पीकर दुरुस्त करतो तो, कार्यक्रमांत आवाजाचं बघतो. सगळं आयुष्य तारांत गेलं. उगाच काहीबाही सांगणारा माणूस नव्हे.

तीन वर्षांपूर्वीचा डिसेंबर. दुसऱ्या शनिवारची रात्र, साडेनऊचा सुमार. दुकान बंद करून तो एक पेटी आणायला निघाला होता. काम एवढंच.

पेटी बाईंची. बाई थेरेमिन वाजवायच्या. वाद्याचं नाव लक्षात राहिलं नाही तरी चालेल. विजेवर चालणारी लाकडी पेटी, तिच्या एका बाजूला उभी दांडी, दुसऱ्या बाजूला आवाज लहानमोठा करायची आडवी कडी. वाजवताना कशालाच हात लावायचा नाही. दांडीजवळ हात नेला की सूर चढतो, लांब नेला की उतरतो. जवळ कोणी नसलं की पेटी गप्प. आणि नुसत्या हाताचंच नाही, कुणी शेजारून गेलं तरी सूर हलतो. म्हणून वाजवणाऱ्यानं मानसुद्धा वळवायची नाही. बाई चाळीस वर्षं तशा उभ्या राहिल्या.

नाव मोठं झालं त्यांचं. परदेशी जाऊन आल्या. पण पोट भरलं ते चित्रपटांवर. भुताच्या प्रसंगाला तो अंगावर येणारा आवाज असतो ना, तो त्यांचा. भूत पडद्यावर यायच्या आधी बाई हजर. त्या स्वतःच हसून म्हणायच्या, "लग्नाच्या प्रसंगाला मला अजून कुणी बोलावलं नाही रे."

हे सगळं उभं केलं ते त्यांच्या थोरल्या बहिणीनं. आईवडील लवकर गेले, ताईंनीच धाकटीला वाढवलं. पेटी कुठून तरी मिळवली आणि म्हणाल्या, "हे वाजवणारं दुसरं कोणी नाही. तुला कोण मागे टाकणार?" पहाटे उठवायच्या. स्वतः पेटीच्या पलीकडे, समोर खुर्ची टाकून बसायच्या. ताप असो, खांदा धरलेला असो, रियाज चुकायचा नाही. बाई चौसष्ट वर्षांच्या झाल्या तरी चुकला नाही.

त्या जूनमध्ये ताई गेल्या. डिसेंबरात बाईंनी मेव्हण्याला फोन केला. "पेटी घेऊन जा. कुणाला हवी त्याला दे. मला आता झोपायचंय."

तो पोहोचला तेव्हा बाई पलंगावर बसल्या होत्या. स्वेटर घातलेला, खांद्यावर शेकायची पिशवी. डोळ्यांखाली काळं झालेलं.

"दमलेल्या दिसता," मेव्हणा म्हणाला.

"आजची नाहीये रे ही दमणूक. ने तू."

त्यानं वायर गुंडाळायला घेतली. मग म्हणाला, "एकदा चालू करून बघतो. घेणाऱ्याला सांगता आलं पाहिजे."

"नको."

"एक मिनिट, बाई."

त्यांनी हात टेकल्यासारखी मान हलवली. त्यानं बटण दाबलं, सूर जुळवला आणि मागे भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. पेटी गप्प. ठीक होती.

मग अगदी खालून एक घरघर सुरू झाली.

त्याला वाटलं, वायर सैल असेल. त्यानं बाईंकडे पाहिलं. बाई पलंगावरच होत्या, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. हात मांडीवर.

सूर चढत होता. सावकाश. दारातून कुणी चालत यावं तसा. थोडा चढला... थांबला. पुन्हा चढला.

आणि एका जागी उभा राहिला. नेमका सा.

मेव्हणा मला म्हणाला, "भावजी, माणूस उभा राहिला की श्वासानंसुद्धा सूर जरा हलतो. हा हलत नव्हता."

तो बटणाकडे निघाला.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "बंद करून बघितलंय मी."

मग त्या पेटीकडे बघून हळूच बोलल्या.

"ताई... आज खांदा फार दुखतोय गं."

सा.

"आज नको ना..."

सा. तसाच.

 बाईंनी शेकायची पिशवी बाजूला ठेवली. उठल्या. पेटीपाशी गेल्या. हात उचलला. तो थरथरत होता. सूर थरथरला नाही.

"तू जा," त्या म्हणाल्या. मान न वळवता. "आणि दार ओढून घे."

तो रिकाम्या हातानं जिना उतरला. वरून बाईंचा रियाज ऐकू येत होता. खाली रस्त्यावर आला तरी त्याचा पाय निघेना.

पुढची अडीच वर्षं बाई पुन्हा कार्यक्रम करत होत्या. लोक म्हणायचे, असं त्यांनी कधीच वाजवलं नव्हतं. माणसं रडायची. मेव्हणा आवाजाला असायचा. कार्यक्रम संपला, बाईंनी हात खाली घेतले, की तो घाईनं माइक बंद करायचा. का, ते त्यानं मला सांगितलं नाही. 

यंदा जुलैत बाई गेल्या. झोपेत. तेवढं तरी मिळालं त्यांना.

शेजाऱ्यांनी पेटी मेव्हण्याच्या दुकानात पोचवली. त्यानं मला बोलावून घेतलं. दिवा फक्त दांडीजवळ धरला. ज्या दांडीला बाईंनी जन्मात हात लावला नाही, तिचा मुलामा मधोमध झिजला होता. बसमधला दांडा धरून धरून झिजतो तसा. चार बोटं आणि एक अंगठा.

मी बाईंच्या जागी उभा राहून माझी मूठ त्यावर धरून पाहिली. बसेना. अंगठ्याचा ठसा पलीकडे जात होता.

मग मी पेटीच्या पलीकडे गेलो... समोर, ताई बसायच्या तिथे.

तिथून बरोबर बसली.