अजून एक गाडी बघू

धुळ्याला मावशीच्या शेजारी एक पांढरी गाडी विकायची आहे असं कळलं, म्हणून भाविका यावलहून मुद्दाम आली होती. फिजिओथेरपिस्ट होती ती. आखडलेले गुडघे, लकव्याने लुळे पडलेले हात... अशा पेशंटांना व्यायाम द्यायला गावोगाव जायची. एसटी फाट्यावर सोडायची, पुढे पायपीट. लायसन्स नुकतंच मिळालं होतं, पण मोठ्या रस्त्यावर एकटीने गाडी काढायची हिंमत अजून नव्हती.

गाडीमालकांचा मुलगा, तेजस, किल्ली घेऊन बाहेर आला. मागोमाग त्याचे वडील, आबा.

"चालवून बघा," तेजस तिच्या शेजारी बसत म्हणाला.

चढावर गाडी बंद पडली... पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. मागून हॉर्न वाजू लागले. भाविकाचे कान तापले. तेजस हसला नाही. खिडकीतून हात काढून त्याने मागच्यांना पुढे जायची खूण केली.

"सावकाश. आपल्याला कुठे गाडी पकडायचीय?"

तिला हसू फुटलं, आणि गाडी चढून गेली.

दारात परत आल्यावर तिने विचारलं, "हिला कधी अपघात झालाय?"

आबांनी मुलाकडे पाहिलं.

"झालाय. दुरुस्त केलीय, पण जोरात ब्रेक मारला की एका बाजूला ओढते. मला सवय आहे. तुम्ही नवीन आहात... तुम्ही नका घेऊ."

"बठ्ठं सांगी टाकं," आबा कपाळाला हात लावून म्हणाले. "आते कोन ली हाई गाडी?"

सगळं कळल्यावर आता ही गाडी कोण घेणार, हा आबांचा प्रश्न खराच होता; भाविकाने ती घेतली नाही. पण निघताना तेजस म्हणाला, "मी नोकरीला जळगावला असतो. तिकडे एखादी बघायची असेल तर... फोन करा."

तिने केला.

मग रविवार गाड्या बघण्यात जाऊ लागले. एकीतली पायाखालची मॅट उचलली तर खाली गंज – पाणी शिरलेली. दुसरीच्या बोनेटवर तेजसने तळहात ठेवला आणि हळूच तिच्या कानाशी पुटपुटला, "गरम आहे. आपण यायच्या आधीच सुरू करून ठेवलीय. थंड इंजिन सुरू व्हायला कुरकुरत असणार." त्या पुटपुटण्याने तिच्या मानेवर शहारा आला, आणि इंजिनाचं काय झालं ते तिने ऐकलंच नाही.

"अजून एक बघू," दर वेळी ती म्हणायची. "बघू की," तो म्हणायचा.

एरंडोलला सितारा मॅडम म्हणून निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांची गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली, ब्रेकला सरळ थांबली, खाली कुठे तेलाचा थेंब नाही.

"रंग... जरा फिका वाटतो," भाविका म्हणाली.

तेजस रुमालाने हात पुसत राहिला. "रंगाचं राहू द्या. गाडी चांगली आहे. घ्या."

"तुम्हाला एवढी घाई झालीय?"

"तुम्ही उन्हातान्हात फाट्यावरून चालत जाता. मला रविवार हवेत म्हणून तुम्हाला किती दिवस चालवू?"

ती सितारा मॅडमशी किमतीचं बोलू लागली. गाडी घेतली.

मग फोन करायला कारण उरलं नाही. केळीच्या बागांमधून ती रोज गाडी चालवत होती. हात सैलावले, चढावर गाडी बंद पडेनाशी झाली. पेशंटांना जास्त वेळ देता येत होता. तरी रिकाम्या शेजारच्या सीटकडे लक्ष जायचं. तो म्हणाला होता, मला रविवार हवेत. आपण मात्र रंगाचा बहाणा करून गप्प बसलो... आता त्याने किती वाट पाहायची?

तो धुळ्याला घरी आलाय हे मावशीकडून कळलं, त्या सकाळी तिने गाडी काढली. तापीचा पूल ओलांडला. हायवेवर शेजारून ट्रक गेला की ती स्टिअरिंग घट्ट धरायची. एरंडोल गेलं, पारोळा गेला.

तेजस ओट्यावर पेपर वाचत होता. तिला उतरताना पाहून उठलाच.

"एकट्या आलात? एवढ्या लांब?"

"हो." तिने गाडीचं दार लावलं. "तुम्ही आवडता मला. फोनवर सांगता आलं असतं. पण वाटलं... स्वतः चालवत जावं आणि सांगावं."

तो पायऱ्या उतरून तिच्यासमोर आला.

"मी येत्या रविवारी यावलला येणार होतो," तो म्हणाला. "तुमच्या आईला भेटायला. फक्त धीर होत नव्हता."

"मग आज चला," भाविका म्हणाली, आणि शेजारच्या सीटचं दार तिने उघडून धरलं.