चौथ्याने तिसऱ्या पटावर जिंकलेला डाव

मी भित्री आहे. साधा फोन वाजला तरी मला धस्स होतं. म्हणूनच बहुधा मामांनी मला बुद्धिबळाच्या राष्ट्रीय संघ-लीगमध्ये निकालाच्या टेबलावर बसवलं... तिथे कुणी मोठ्याने बोलत नाही. मामा तिथले मुख्य पंच. घरी भाचीचे लाड करतात, हॉलमध्ये मात्र ओळखही दाखवत नाहीत.

पहिल्या फेरीला तो पाणी शोधत चुकून माझ्या खोलीत शिरला.

"पाणी इथे नाही," मी कागदांआडून म्हटलं.

"मग काय आहे इथे?"

"सगळ्या संघांच्या याद्या... आणि निकाल."

"म्हणजे आमचं नशीबच." तो हसला. "चष्मा वाकडा बसलाय तुमचा. माझं चष्म्यांचं दुकान आहे हो, असं बघवत नाही मला."

त्याच्या संघाच्या यादीत तो चौथा होता. हे मी तो गेल्यावर बघितलं. लगेच बघितलं.

मग दर फेरीला तो डोकावू लागला. जिंकला की यायचा, हरला की जास्त वेळ थांबायचा. मला 'निकालबाई' म्हणायचा. तो येणारच नाही अशी मला भीती वाटायची, आणि आला की माझे हात कापताना त्याला दिसतील याची.

शेवटच्या फेरीला त्याच्या संघाच्या नाकातोंडात पाणी गेलं होतं. जिंकले तर टिकणार, नाहीतर खालच्या गटात. सकाळी त्यांच्या कॅप्टनने सहा नावं दिली. ती मूळ यादीच्या क्रमाने लावून छापायची, कॅप्टनने तपासून सही करायची आणि खेळाडूंनी त्याच क्रमाने पटावर बसायचं. क्रम चुकला आणि सही झाली, तर जागा बदललेल्या दोघांचेही डाव हरलेले धरतात.

मी टाइप करायला घेतलं आणि तो आला.

"द्या तो चष्मा इकडे. आज नाही तर पुन्हा कधी?"

त्याने तो अलगद काढलासुद्धा... बोटं कानाला लागली. समोरची अक्षरं धुरकट झाली. मी तशीच टाइप करत राहिले, कारण थांबले असते तर काय बोलायचं ते सुचलं नसतं.

"एवढ्या घाबरता कशाला?" चष्म्याची दांडी वाकवत त्याने विचारलं. "खेळायचं तर मला आहे."

"मग तुमच्यासाठी भीती तरी वाटून घेऊ दे की कुणाला..."

त्याने चष्मा परत माझ्या नाकावर ठेवला आणि हात काढायला जरा उशीरच केला.

कॅप्टनने न बघता सही केली. अख्ख्या मोसमात माझी एकही चूक झाली नव्हती.

चार तासांनी त्याचा संघ साडेतीन-अडीच असा जिंकला. त्यांच्या संघातले एक प्राध्यापक हरले होते, पण त्याने स्वतःचा हत्ती देऊन असा सुरेख डाव जिंकला, की समोरच्याने उठून हात मिळवला. निकाल भरायला मी मूळ यादी शेजारी ठेवली आणि पेन तिथेच थांबलं. प्राध्यापक यादीत तिसरे. बसले होते चौथ्या पटावर. आणि तिसऱ्या पटावर तो.

कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मामा दहा मिनिटांत सही करायला येणार होते. बाहेर त्याचा संघ फोटो काढत होता. त्यांच्याऐवजी जो संघ खाली जाणार होता, तो भिंतीशी बॅगा भरत होता, एकमेकांशी न बोलता. मी बोलले तर तो पुन्हा माझं तोंड बघणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि मला तो हवा होता. खूप हवा होता.

मामा आले. मी नुसतं त्या दोन ओळींवर बोट ठेवलं.

"चूक कुणाची?"

"माझी. सही कॅप्टनची."

"नियम पाठ आहे ना तुला?" ते म्हणाले, आणि हॉलमध्ये पहिल्यांदाच त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

त्याच्या नावापुढचा एक खोडून मी शून्य लिहिलं. त्यांच्या साडेतीनाचे अडीच झाले.

अर्ध्या तासाने दार उघडलं. मी मान वर केली नाही. बूट त्याचेच होते.

"आयुष्यातला सगळ्यात चांगला डाव होता तो माझा."

"माहीत आहे. दारातून बघत होते मी."

"कुणाला कळलं नसतं."

"मला कळलं होतं."

तो समोरच्या खुर्चीत बसला. मला वाटलं, आता उठून जाईल.

"कॅप्टन म्हणतोय चूक त्याची. मी म्हणतोय माझी. पण राग आलाय मला... तुमच्यावरसुद्धा. खोटं कशाला बोलू?"

"यायलाच हवा."

"आणि भीतीही वाटतेय," तो हळूच म्हणाला. "खालच्या गटाचे निकाल दुसरीकडे लिहितात म्हणे. मग या खोलीत शिरायला मला निमित्त काय उरलं?"

मी विचारलं, "उद्या कुठे असाल?"

"रागात असेन दिवसभर. दुकानात दहापासून."

"मी दहाला येते," मी म्हटलं. आवाज कापत होता, पण वाक्य पूर्ण झालं.