साडेपाच तासांचा चोर

“कोणीतरी मुद्दाम बंद करून राहिलंय!” बजरंग धापा टाकत बैठकीत शिरला. “मी शेडच्या दारातच उभा होतो. कूलर सुरू झाला, फॉगरमधून पाणी उडालं, अन् खट्! पुन्हा सगळं गप्प!”

शिवकन्येचं बोट अजून भिंतीवरच्या टॅबवरच होतं. ‘शेड कूलर – चालू’ हे बटण तिने तिसऱ्यांदा दाबलं होतं आणि तिसऱ्यांदा बरोबर एका मिनिटात ते करडं पडलं होतं. वर हिरवी खूण मात्र ऐटीत चमकत होती. ‘सर्व सुरळीत’ म्हणे!

“सुरळीत कसलं डोंबलाचं!” शिवकन्या चिडून म्हणाली. “शेडमध्ये किती झालंय?”

“चौतीस. तासाभरापूर्वी बत्तीस होतं.”

शिवकन्या आणि तिची नऊ वर्षांची बहीण रुद्राणी उन्हाळ्याच्या सुट्टीत लातूरहून हदगावजवळच्या मामाच्या गावी आल्या होत्या. मामेभाऊ बजरंग सातवीत, शिवकन्या नुकतीच आठवीची परीक्षा दिलेली. यंदा आंब्यापेक्षा तिघांना वेड लागलं होतं ते उज्वलामामीच्या रेशीमकिड्यांचं. शेडमधल्या रॅकवर हजारो पांढरे किडे दिवसभर तुतीचा पाला फस्त करत. शेकडो वह्यांची पानं कोणीतरी एकदम चाळावीत, तसा आवाज व्हायचा. आणखी तीन दिवसांनी ते कोष विणायला लागणार होते.

पण ऊन होतं त्रेचाळीस अंश, आणि शेड अठ्ठावीसच्या वर गेलेली किड्यांना सोसत नाही.

मामीची ही पहिलीच बॅच होती. भुजंगराव आजोबांनी सुरुवातीलाच बजावलं होतं, “ही बॅच गेली, की शेडमध्ये सोयाबीनची पोती. मग किड्यांचं नाव काढायचं न्हाई!”

आणि दयानंदमामांनी काय केलं होतं? नांदेडच्या हरिओम नावाच्या माणसाकडून घर आणि शेड ‘स्मार्ट’ करून घेतलं होतं. दिवे, मोटर, आजोबांचं सकाळचं भजन, कूलर, सगळं टॅबवरून! शेडमधली जुनी बटणं काढून वर प्लास्टरही करून टाकलं. “डॅशबोर्ड असताना भिंतीला खटके कशाला?” असं मोठ्या रुबाबात म्हणाले होते. काल रात्री टॅबवर ‘अपडेट’ असं आलं, ते त्यांनी एक अक्षर न वाचता दाबलं आणि आज सकाळीच नांदेडला निघून गेले. जाताना सांगून गेले, “शेडचं दार सारखं उघडू नका. हिरवं दिसलं की समजायचं ठीक.”

म्हणून मामी निर्धास्तपणे तुतीच्या वावरात पाला कापत बसली. दुपारी भारा घेऊन शेडमध्ये गेली, तेव्हा तिला रडूच कोसळलं. सकाळचा पाला तसाच पडलेला आणि किड्यांनी माना टाकलेल्या!

तिने मामांना फोन लावला. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे मुलांना सगळं ऐकू आलं.

“माझ्या मोबाईलवर हिरवं दिसून राहिलंय,” मामा म्हणाले. “तुझाच हात लागला असंल कुठंतरी! तुला सांगितलं होतं ना, त्या टॅबला बोटं लावू नकोस म्हणून?”

“अहो, मी तर वावरात होते!”

“बंद करून चालू करा, असं हरिओम म्हणून राहिलाय.”

“केलं, मामा!” शिवकन्या मध्येच ओरडली. “सेटिंगचा पासवर्ड सांगा ना!”

“लेकरांचा खेळ हाय का तो? आम्ही येऊन राहिलो संध्याकाळी. कशाला हात लावायचा न्हाई!” फोन बंद झाला.

मामी शेडमध्ये परतली. तिने पोती पाण्यात बुडवली आणि एकेक करून रॅकभोवती टांगायला लागली. तिचे डोळे लाल झाले होते. शिवकन्येला मामांचा असा राग आला, की तो टॅब भिंतीवरून उपटून विहिरीत टाकावा!

तेवढ्यात रुद्राणी बैठकीत पळत आली. तिला रॅकमागे पहाऱ्याला बसवलं होतं.

“ताई, शेडमध्ये मामीशिवाय कोणीच आलं नाही! ती भिंतीवरची पांढरी पेटी आहे ना, तीच आपोआप खट् करते!”

“म्हणजे चोर पेटीतच हाय?” बजरंगने डोळे मोठे केले. मग एकदम कपाळावर हात मारला. “अरे हाव! पप्पांनीच लावलाय तो नियम. मी गिझर चालू ठेवून विसरतो ना, म्हणून! ठरलेल्या वेळेच्या बाहेर काहीही चालू केलं, की मिनिटात बंद!”

“पण कूलरची वेळ तर दहा ते पाच आहे,” शिवकन्या म्हणाली. “आत्ता पाऊण वाजलाय. मग वेळेच्या बाहेर कसं?”

तिला एकदम काहीतरी आठवलं.

“बजरंग, आज आजोबांचं भजन किती वाजता लागलं?”

“रोज सहाला लागतं. आज जेवायला बसताना लागलं! आजोबा म्हणाले ना, ‘आज देवबी उशिरा उठला का काय!’ साडेअकरा झाले होते.”

“आणि टाकीची मोटर?”

“सातची हाय. आत्ता साडेबाराला सुरू झाली!”

शिवकन्येने खडू घेतला आणि फरशीवरच लिहिलं: सहाचे साडेअकरा. सातचे साडेबारा.

“साडेपाच तास!” बजरंग ओरडला. “दोन्हीकडं साडेपाच!”

शिवकन्येने त्याखाली मोठ्ठं ‘साडेपाच’ लिहिलं. साडेपाच! हा आकडा तिला जन्मभर विसरता येणार नव्हता. भूगोलाच्या पेपरात तिने लिहिलं होतं, भारताची प्रमाणवेळ ग्रीनिचच्या पाच तास पुढे. त्या अर्ध्या तासाने तिचा एक मार्क खाल्ला होता, आणि त्यावरून आजोबा तिला सुट्टीभर चिडवत होते.

“यंत्राला वाटतंय ते ग्रीनिचमध्ये आहे!” ती किंचाळलीच. “अपडेटमध्ये आपली वेळ पुसली गेली. त्याच्या घड्याळात अजून सव्वासातच वाजलेत. कूलर लागणार साडेतीनला!”

“साडेतीन!” रुद्राणी ओरडली. “तोवर किडे मरतील की!”

“घड्याळ नीट करू या,” बजरंग म्हणाला. टॅबने लगेच पासवर्ड मागितला. “संपलं! आता काय इलाज?”

शिवकन्येने नखं कुरतडली. पासवर्ड नाही, खटके नाहीत, आणि शेडमध्ये पस्तीस. काय करावं?

“कूलरच्या वेळा बदलता येतात का?”

“त्याला पासवर्ड लागत न्हाई. पण वेळा तर बरोबरच हायत!”

“त्याच चूक करायच्या! त्याचं घड्याळ मागे आहे ना? मग आपण वेळही तेवढीच मागे न्यायची. दहातून साडेपाच गेले?”

“साडेचार!”

“आणि संध्याकाळचे पाच?”

बजरंगने बोटं मोजली. “सकाळचे साडेअकरा!”

शिवकन्येने भरलं: पहाटे साडेचार ते सकाळी साडेअकरा. ‘जतन करा.’

तिघंही भर उन्हात अनवाणी शेडकडे पळाले. कूलर घरघरला. फॉगरमधून पाण्याचे बारीक तुषार उडाले. मामी हातातलं ओलं पोतं तसंच धरून उभी राहिली.

“मोज!” शिवकन्या कुजबुजली.

“एक... दोन...” रुद्राणी मोजायला लागली. चाळीसला बजरंगने डोळे मिटले. पन्नासला मामीने शिवकन्येचा हात घट्ट धरला. “अठ्ठावन्न... एकोणसाठ... साठ!”

कूलर चालूच होता.

“एकसष्ट!” रुद्राणी जोरात ओरडली, आणि मामीने तिला पोत्यासकट मिठीत घेतलं!

पाचच्या सुमारास मामा हरिओमला घेऊन आले आणि टॅब पाहून भडकले. “कूलरची वेळ पहाटे साडेचार? कोणी केला हा चावटपणा?”

“मी,” शिवकन्या म्हणाली. “मामा, आधी तुमच्या यंत्राला विचारा किती वाजलेत ते.”

हरिओमने पासवर्ड टाकून सेटिंग उघडलं. त्याचे कान लाल झाले. “अपडेटनं प्रमाणवेळ उडवलीय, दयानंदभाऊ. ग्रीनिच झालीय. अन् ती हिरवी खूण... वेळापत्रक भरलेलं हाय, एवढंच सांगती ती. कूलर चालू हाय का, ते न्हाई.” त्याने वेळ दुरुस्त केली आणि तो घाईने निघाला.

“काका, थांबा!” रुद्राणी म्हणाली. “कूलरच्या वेळा परत दहा ते पाच करा. नाहीतर उद्या पहाटे साडेचारला लागेल!”

हरिओम तसाच मागे फिरला. बैठकीत बसलेले आजोबा खो खो हसले. “ही नऊ वर्षांची पोर तुला शिकवून राहिली रे! अन् ऐक, जायच्या आधी शेडच्या भिंतीला एक साधा खटका लावून दे. माणसाच्या हातानं चालणारा!”

मामा खाली मान घालून उभे होते. मग मामीजवळ जाऊन सगळ्यांसमोर म्हणाले, “माझंच चुकलं. न वाचता मी दाबलं, अन् बोलणी तुला खावी लागली. पासवर्ड लिहून घे. शेड तुझी हाय, तर तो तुझ्याकडंच पाहिजे.”

छताच्या पत्र्याजवळच्या एका ट्रेमधले बरेच किडे गेले होते. बाकीच्यांना मामीने ताजा पाला घातला होता, पण त्यांनी अजून तोंड लावलं नव्हतं. अंधार पडायच्या आत सगळे शेडच्या दाराशी जाऊन उभे राहिले. आजोबांनी काठी भिंतीला टेकवली आणि कान पुढे केला.

आधी काहीच नाही. मग एका कोपऱ्यातून चुरचुर झाली. मग शेजारच्या रॅकवर. बघता बघता सगळी शेड वह्या चाळायला लागली.

“खाऊन राहिलेत गं, उज्वला!” आजोबा म्हणाले. त्यांनी शिवकन्येच्या पाठीवर थाप मारली. “तुझा एक मार्क माझ्याकडून. पैकीच्या पैकी!”

“आणि सोयाबीनची पोती, आजोबा?” बजरंगने हळूच विचारलं.

“ठेवू की माझ्या खोलीत,” आजोबा म्हणाले. “आता गप बसा. ऐकू द्या मला.”