पांढरी पावलं

पावलं आत गेली होती, बाहेर आलीच नव्हती.

भीमाशंकरकाका दारापाशीच थबकले. हवालदार म्हणून निवृत्त झालेला गडी, पण भुताचं नाव निघालं की काकांचं अवसान गळायचं. हिमायतनगरच्या त्या छोट्या चर्चमध्ये, काळ्या शहाबादी फरशीवर, दारापासून वेदीपुढच्या कठड्यापर्यंत अनवाणी पावलं होती, पांढरीफटक. कठड्याशी दोन गोल डाग आणि पुढे बारीक ठिपके. मग काही नाही.

"पहाटे दार उघडतो तेव्हा फरशी नुसती ओलसर असते," पाळक शेषेराव म्हणाले. "ऊन चढलं की पावलं आपोआप उमटतात. पुसली तरी दुसऱ्या दिवशी हजर. प्रभुभोजनाचा चांदीचा प्याला नाहीसा झाला, तेव्हापासून हे सुरू आहे. लोक म्हणतात, आवारात पुरलेले जुने पाद्री प्याला शोधतात."

काका जिच्या हाताखाली काम करायचे ती नांदेडची गुप्तहेर मंजुश्री स्वामी फरशीवर वाकली होती. "कुलूप?"

"शाबूत. एक किल्ली झाडलोट करणाऱ्या केवळाबाईकडे, दुसरी आमच्या घरी खुंटीला. सगळ्यांचा संशय बाईवर आहे. आजच्या उपासनेनंतर तिला आवारातली खोली सोडावी लागेल."

"वेदीवरची फुलं वाळलीत."

"ती माझी बायको ठेवते. प्याला गेल्यापासून तिला बरं नाही."

केवळाबाई आली. दारात चपला काढून तरातरा आत शिरली.

"जलमभर ह्यो प्याला म्याच धुतला. कुनाला हात लावू दिला न्हाई. आन् म्याच चोरीन व्हय?"

"कुणी हात लावायला मागितला होता?"

"पाळकीनबाईनं. म्या सगळ्यांम्होरं म्हनलं, कालपरवा बाप्तिस्मा झालेल्या हातात प्याला न्हाई द्यायचा."

बाहेर हापशी कुरकुरली. मागोमाग पाळकांची बायको उमादेवी आली. उदगीरच्या लिंगायत घरातली लेक, डोळे सुजलेले. ती कठड्याच्या बरीच अलीकडे थांबली.

"मला काही ठाऊक न्हाई. मी घरीच असते."

मंजुश्री बाहेर गेली. हापशीच्या ओट्यावर पांढरा थर साचला होता. तिनं तो नखानं खरवडला.

"मॅडम, निघू या," काका कुजबुजले. "हे आपल्या हातातलं काम न्हाई."

"काका, भूत पाय धुऊन येतं का?"

ती आत परतली, तेव्हा दारातून ऊन फरशीवर आलं होतं.

"इथलं पाणी क्षाराचं आहे," मंजुश्री म्हणाली. "ओलं पाऊल वाळलं की पांढरं उमटतं. परतीची पावलं नाहीत, कारण येणारं माणूस गुडघे टेकून इतका वेळ बसायचं, की पाय कोरडे व्हायचे. गोल डाग गुडघ्यांचे, भिजलेल्या लुगड्याचे."

"आन् ठिपके?" काकांनी विचारलं.

"आसवं. तीही खारीच."

केवळाबाईचा हात छातीशी गेला.

"इथं सगळे चपला काढून येतात, पाय कुणी धूत नाही. पाय धुतल्याशिवाय देवापुढं जायचं नाही, हे मला माझ्या आजीनं शिकवलं. मीही लिंगायतच, जंगमाची लेक. मघाशी हापशी एकदाच वाजली, या यायच्या आधी."

सगळ्यांची नजर खाली गेली. दारापासून उमादेवीपर्यंत, त्यांच्या डोळ्यांदेखत, पांढरी पावलं हळूहळू वर येत होती. काका दोन पावलं मागे सरले.

"अपमान यांचाच झाला होता. किल्ली यांच्याच घरी. आणि रोज वेदीवर फुलं ठेवणारी बाई, प्याला गेल्यापासून कठडा ओलांडत नाही."

"उमा?" पाळकांनी विचारलं.

"पिठाच्या डब्यात हाय," उमादेवी म्हणाली. "वाटलं, एकदा हिची मान खाली जावी. मग लई भ्या वाटलं. रोज देवाची माफी मागून राहिले."

"देवाची रोज मागितलीत," मंजुश्री म्हणाली. "यांची?"

उमादेवी वळली आणि म्हाताऱ्या केवळाबाईपुढे गुडघ्यांवर बसली. तिनं पदर पसरला. केवळाबाई एक पाऊल पुढे आली. काकांना वाटलं, आता ही थुंकेल.

"ऊठ," ती म्हणाली. "प्याला आन. आज तूच धू. तुझ्या हातानं प्याला बाटंल आसं म्या मानलं, त्ये बी पापच की. चल, म्या हापसते."

हापशी पुन्हा कुरकुरली. या खेपेला काकांनी निघायची घाई केली नाही. त्यांनी रुमाल काढला आणि ते उगाच चष्मा पुसत बसले.