पाटांची जोडी

शकुनने गॅलरीतून उशी टाकली ती अंगणात पडायची सोडून नेमकी एका माणसाच्या डोक्यावर पडली… आणि फुटली.

"ओ मा!" खालून बंगालीत आवाज आला.

"अगं बाई!" वरून मराठीत.

कापसाने पांढऱ्या झालेल्या केसांनी त्याने वर पाहिलं. "मराठी का? मग माफ केलं!"

शकुनला हसू आवरेना. वडिलांची कलकत्त्याच्या खिदिरपूर कस्टम्समधून मुंबईला बदली झाली होती आणि आईने भवानीपूरचं घर रिकामं करायला काढलं होतं. रोज एक खोली, असा तिचा खाक्या. न्यायचं ते ट्रंकेत, नको ते खाली. खालचा माणूस निघाला दोन गल्ल्या पलीकडचा श्यामकांत. जन्म कलकत्त्यातला, कॉलेजात इतिहास शिकवायचा. आईने त्याला चहा पाजला, घरदार विचारलं आणि सगळी अडगळ त्याच्या गळ्यात मारली. "परक्याच्या हाती द्यायला जिवावर येतं हो. तुमच्या घरी नाहीतर मराठी मंडळात, कुठेही द्या."

मग तो रोज संध्याकाळी येऊ लागला. बाहेरची खोली रिकामी झाली, माजघर झालं. तो काही म्हणता काही नाकारीना.

"झाकण हरवलेली किटली? हिचं काय करणार?" शकुनने विचारलं.

"आमच्याकडे एका किटलीचं नुसतं झाकण उरलंय."

"आणि हे तीन पायांचं स्टूल?"

"चौथ्या पायाच्या जागी मी उभा राहीन… तुम्ही बसणार असाल तर."

शकुनचे कान तापले. पण पुढे? पुढे काही नाही! गडी स्टूल खांद्यावर टाकून जिना उतरला. एवढं सगळं नेतो, पण मनातलं काही बोलेल तर शपथ. आणि हिची तर झोप उडालेली. घराला आणखी दोन खोल्या असत्या तर काय बिघडलं असतं, असं तिला वाटू लागलं. ट्रंकेत भरलेल्या चांगल्या वस्तू ती गुपचूप काढून अडगळीत ठेवू लागली.

"अगं, हा कंदील चांगला आहे की!" आई म्हणाली.

"काच तडकलीय," शकुन म्हणाली. काच धड होती.

शेवटी स्वयंपाकघर उरलं, आणि त्यात शिसवी पाटांची जोडी. कोपऱ्यांना पितळी फुलं. मुंबईच्या क्वार्टरमध्ये जेवायचं टेबल होतं, म्हणून आईने तीही देऊन टाकायला सांगितली आणि स्वतः शेजारणींचा निरोप घ्यायला गेली.

चुलींचा धूर गल्लीत उतरला होता. श्यामकांत दारात उभा राहिला. आज त्याच्याकडेही थट्टा नव्हती. शकुनने एकच पाट त्याच्या हातात दिला.

"दुसरा?"

"तो द्यायचा नाही."

"एका पाटाचं मी काय करू?"

"जेवायला बसा—" तिने दुसरा पाट जवळ ओढला, "आणि शेजारी… जागा सोडा."

त्याचे ओठ हलले. तेवढ्यात जिन्यात आईची पावलं वाजली आणि तो पाट छातीशी धरून निघून गेला.

हावड्याला निरोप द्यायला तो आपल्या आईला, कालिंदीबाईंना घेऊन आला. त्यांनी शकुनची ओटी भरली, मग तिच्या आईला म्हणाल्या, "वहिनी, आमच्याकडे पाट एकच आला हो. हा त्याच्यावर जेवायला बसतो आणि शेजारी कुणाला फिरकू देत नाही. काल मी बसले तर मलाही उठवलं!"

श्यामकांत लालबुंद. आई शकुनकडे वळली. "दुसरा पाट कुठाय गं?"

"माझ्या वळकटीत."

आईने एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग कालिंदीबाईंचा हात हातात घेऊन म्हणाली, "तुम्हीच या मुंबईला. येऊन घेऊन जा."

शिट्टी झाली. गाडीबरोबर चालता चालता श्यामकांतने खिडकीचा गज धरला. आता तरी बोल रे, असं शकुनला ओरडावंसं वाटलं.

"शकुन…" तो पहिल्यांदाच नुसत्या नावाने हाक मारत होता. "तू येईपर्यंत जागा सोडून ठेवतो."

गज सुटला. प्लॅटफॉर्म संपला. शकुनने वळकटीवर डोकं टेकलं आणि पोटभर रडून घेतलं.