सवच्या कुंडावरचा प्रश्न

विनीतची नि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी महाडच्या एसटी स्टँडवर, ओल्या फरशीवर आडवी पडले होते.

झालं एवढंच, की एका आजोबांनी फोनवर बायकोला ओरडून विचारलं, "माझी कवळी तुझ्या पिशवीत गेली का गो?" सगळे हसले. मीही हसले... आणि माझे गुडघे गेले.

"फिट आली!"

"कांदा आणा, कांदा!"

"चप्पल हुंगवा. कुणाची पोर हाय? लगीन कसं व्हायचं हिचं?"

मला सगळं ऐकू येत होतं. पापणीसुद्धा हलत नव्हती, पण शुद्ध होती. हे कुणाला ठाऊक नसतं. तेवढ्यात कुणीतरी माझ्या डोक्याखाली पिशवी सरकवली आणि कानाशी हळूच म्हणालं, "ऐकू येतंय ना? घाबरू नका. चप्पल नाय हुंगवू देत मी कुणाला."

दोन मिनिटांनी उठून बसले. समोर एक सावळा, भिजलेला मुलगा.

"मला ऐकू येतंय, हे तुम्हाला कसं कळलं?"

"माझा बाप तीन वर्सं लकव्यानं पडून होता. लोक त्याच्या उशाशी बसून त्याच्याच मरणाचं बोलायचे. त्याच्या डोळ्यांतनं पाणी यायचं... तवापासनं मी पडलेल्या माणसाशी बोलतोच."

विनीतची हिरकणीवाडीला खानावळ होती, गडावर जाणाऱ्यांसाठी. किराणा घ्यायला तो रोज महाडला यायचा. मी कोर्टाजवळ एका वकिलांकडे टायपिंग करायची आणि संध्याकाळी पोलादपूरच्या गाडीने घरी जायची. दोघांच्या गाड्या उशिरा सुटायच्या... आम्हाला त्या लवकर सुटल्यासारख्या वाटायला लागल्या.

पुण्याच्या डॉक्टरांनी माझ्या आजाराला नाव दिलं होतं – नार्कोलेप्सी. मी ते त्याला साध्या भाषेत सांगितलं. झोप दिवसा कधीही येते, स्वप्न उघड्या डोळ्यांसमोर सुरू होतं, आणि हसले की अंगातला जोर जातो.

"म्हंजे मी तुला हसवायचं नाय?"

"नको."

"बरं." मग तो गंभीर चेहरा करून तूरडाळीचे भाव सांगत बसायचा. मला त्याचंच हसू फुटायचं, आणि मी कलंडायच्या आत त्याचा हात माझ्या कोपराखाली आलेला असायचा.

एका रविवारी आम्ही सवला, गरम पाण्याच्या कुंडावर गेलो. आभाळ खाली उतरलेलं, कुंडावर वाफ. कोमट दगडावर शेजारी बसलो. उबेनं माझे डोळे जड झाले... आणि विनीत म्हणाला, "माझ्यासंगं लगीन करशील?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तेवढ्यात कुंडातून एक पांढरी म्हैस वर आली आणि वाफेतून चालत निघून गेली. मी विचारलं, "म्हैस गेली का?"

तो उठून चपला घालायला लागला.

बसमध्ये मी पूर्ण जागी झाले. म्हैस स्वप्नातली, म्हणजे प्रश्नही स्वप्नातलाच. तसली स्वप्नं मला अधूनमधून पडतच होती. विचारावंसं वाटलं, पण मागे एकदा वकीलसाहेबांनी स्वप्नात दिलेल्या रजेबद्दल मी त्यांचे आभार मानले होते आणि सगळं ऑफिस महिनाभर हसलं होतं. विनीतसमोर तसं हसं करून घ्यायचं नव्हतं. गप्प बसले.

त्यानंतर तो दुपारच्या गाडीनं परतायला लागला. कामं वाढलीत, म्हणाला. दिवाळी गेली, थंडी पडली. पौषात तो स्टँडवर भेटला. हातात लग्नपत्रिका होती.

"मीना नाव हाय तिचं. बिरवाडीची."

"छान..." माझा आवाज मलाच लांबून ऐकू आला.

"तुला राग नाय ना? तू त्या दिवशी विषय बदललास, तवाच मी समजलो."

"कुठल्या दिवशी?"

"सवला. मी लग्नाचं इचारलं, तर तू म्हशीचं काढलंस."



"तू... खरंच विचारलं होतंस?"

हळूहळू त्याच्या लक्षात आलं. तो मटकन बाकड्यावर बसला.

"मला स्वप्न वाटलं, विनीत."

"मी परत का नाय इचारलं गो..." त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग म्हणाला, "काय उत्तर दिलं असतंस?"

"हो म्हटलं असतं."

पलीकडे कंडक्टर गाड्यांची नावं ओरडत होता.

"मी त्यांना सांगतो, नाय जमत–"

"तिला काय सांगशील?"

"आई नाय तिला. पत्रिका तिनं सोताच्या हातानं वाटल्यात घरोघरी. तिचा काय दोष?"

मनातून वाटत होतं, हे वाक्य त्यानं बोलू नये. पण बोलला नसता, तर तो विनीत नसता.

"मग जा," मी म्हटलं.

रडू आलं की माझे गुडघे जात नाहीत. मी त्याच्याबरोबर फलाटापर्यंत नीट चालत गेले. तो खिडकीशी बसला. गाडी हलता हलता म्हणाला, "गोळ्या येळेवर घेत जा."

"घेईन."

गाडी वळली. मी डोळे पुसले आणि पोलादपूरच्या रांगेत जाऊन उभी राहिले.